वेडाचे कारण आणि वेडाचा अर्थ

मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत 'दुभंग' या शब्दाचा जितका सैल वापर केला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाचा केला असेल. नवकाव्यातला माणूस दुभंगलेला, नवकथेचा निवेदक दुभंगलेला, महानगरातला मध्यमवर्ग तर जन्मतःच दुभंगलेला. या शब्दामागे, कधी उघडपणे तर कधी अर्धवट जाणिवेने, मानसरोगशास्त्रातील एक संज्ञा उभी असते. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसरोगतज्ज्ञाने १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द घडवला. त्यातील ग्रीक घटकांचा अर्थ प्रमाण मानून मराठीत त्याची 'छिन्नमनस्कता' झाली. विचार, भावना आणि संकल्प यांचा परस्परांशी असलेला सांधा निखळणे, एवढेच ब्लॉयलरला अभिप्रेत होते. एका देहात दोन माणसे नांदतात असे त्याने म्हटले नव्हते. पण शब्द एकदा भाषेत रुजला की त्याच्या जनकाची संमती कोणी विचारीत नाही. जपानी भाषेतही या रोगाचे जुने नाव 'मन फाटण्याचा रोग' अशाच अर्थाचे होते. रुग्णांच्या नातेवाइकांच्या मागणीवरून आणि तेथील मानसरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने २००२ साली ते बदलण्यात आले. मराठीत असा प्रश्न कोणी गंभीरपणे उपस्थित केल्याचे दिसत नाही, आणि समीक्षेने तो उपस्थित करण्याचे तर काहीच कारण नव्हते; तिला रूपक हवे होते आणि ते आयते मिळाले होते.

वेडाविषयी दोन प्रश्न विचारता येतात. हे का होते, हा पहिला. हा माणूस काय म्हणतो आहे, हा दुसरा. पहिला कारणाचा प्रश्न आहे, दुसरा अर्थाचा. कार्ल यास्पर्सने १९१३ साली आपल्या मानसरोगशास्त्रावरील ग्रंथात 'उलगडा करणे' आणि 'समजून घेणे' यांत जो भेद केला, तो साधारणपणे हाच. साहित्याचा अभ्यासक दुसऱ्या प्रश्नाला आपला समजतो आणि पहिला रुग्णालयाकडे सोपवून मोकळा होतो. ही कामाची वाटणी निरुपद्रवी वाटते. ती तशी नाही. कारण यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा विचारण्याची गरजच उरत नाही, असे मानण्याकडे दोन्ही बाजूंचा कल असतो. मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचा आणि छिन्नमनस्कतेचा संबंध कसा सांगितला गेला, कसा मोडला आणि पुन्हा कसा जुळवला गेला, ही हकिकत या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. तिचा एक धागा मुंबईतून जातो.

मन द्रव्याने पालटते, हे ज्ञान कोकणाला नवे नाही. वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यानंतर दोनेक दशकांनी वसईच्या अमलाखालील मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते, त्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात भांग, अफू आणि धोतरा यांची चर्चा केली आहे. धोतरा खाऊ घालून माणसाला भ्रमिष्ट करता येते आणि तशा अवस्थेत त्याला लुटता येते, हे त्याला ठाऊक होते. सापाच्या विषावर चालणाऱ्या मुळ्यांवरही त्यात एक संवाद आहे, आणि त्यांतील एक मूळ सर्पगंधेचे असावे असे मत पुढे मांडले गेले. ते खरे असो वा नसो, सर्पगंधेचा उपयोग या देशात उन्मादावर होत असे, याविषयी शंका नाही. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली या वनस्पतीचा उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होणारा परिणाम वैद्यकीय नियतकालिकातून मांडला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी काढीत होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि सर्पगंधेकडे पश्चिमेचे लक्ष गेले. १९५२ साली बाझल येथे तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५४ साली नेथन क्लाइन याने न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात ते रुग्णांना देऊन पाहिले. १९५७ सालचे लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्यांत वकील आणि क्लाइन हे दोघेही होते. एक रक्तदाबासाठी, दुसरा वेडासाठी, मूळ मात्र एकच.

सेरोटोनिनही रक्तदाबाच्याच वाटेने आले. रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात रक्तवाहिन्या आकुंचित करणारे काहीतरी असते. त्याचा शोध घेताना १९४८ साली क्लीव्हलंड येथे हे द्रव्य हाती लागले आणि रक्तद्रव व ताण या दोन शब्दांच्या जोडणीतून त्याचे नाव पडले. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असते, मेंदूत अत्यल्प. ते मेंदूतही आहे हे बेटी ट्वारॉग आणि अर्व्हिन पेज यांनी १९५३ साली दाखवले. तोवर दहा वर्षांपूर्वी, १९४३ साली, आल्बर्ट होफमान याने एलएसडीचा प्रताप स्वतःवरच अनुभवला होता. अगदी सूक्ष्म मात्रेत भास निर्माण करणाऱ्या या द्रव्याची रासायनिक घडण सेरोटोनिनशी मिळतीजुळती आहे आणि स्नायूंवरील प्रयोगांत ते सेरोटोनिनचे कार्य अडवते, असे दिसल्यावर वुली आणि शॉ यांनी १९५४ साली एक अनुमान मांडले. एलएसडी सेरोटोनिनला अडवते; एलएसडीने वेडासारखी अवस्था येते; तेव्हा वेड म्हणजे मेंदूतील सेरोटोनिनचा बिघाड असावा. वुली स्वतः अंध होता. रेणूंची रचना तो मनातच मांडीत असे. त्याचे अनुमान देखणे होते. एका रेणूच्या आकारावरून मनाच्या अवस्थेपर्यंत पोहोचणारी इतकी थोडक्यात वाट त्यापूर्वी कोणी आखली नव्हती.

ती टिकली नाही. एलएसडीचेच एक भावंड, ब्रोमिनचा अणू जोडलेले, स्नायूंवर सेरोटोनिनला तितकेच अडवत होते, पण त्याने भास होत नव्हते. आणि १९५५ साली अमेरिकेत प्लेचर, शोर आणि ब्रॉडी यांनी दाखवले की रेसर्पीन मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा करते. हे विपरीतच झाले. सेरोटोनिनचा अभाव म्हणजे वेड असे मानावे तर सर्पगंधेने वेड वाढायला हवे होते. प्रत्यक्षात ते शमत होते. वुलीला आपली मांडणी अशी बदलावी लागली की तीत अभावही बसेल आणि अतिरेकही. पुढे आर्विड कार्लसन याने रेसर्पीनने निश्चेष्ट झालेल्या सशांना दोन वेगवेगळी पूर्वद्रव्ये टोचली. सेरोटोनिन ज्यापासून बनते त्याने ससे उठले नाहीत. डोपामीन ज्यापासून बनते त्याने उठले. रेसर्पीन दोन्ही साठे रिकामे करीत होते, पण शोधकांची दृष्टी त्यांतील एकावर खिळली होती. १९६३नंतर डोपामीनचे राज्य आले आणि ते जवळजवळ पाव शतक निर्वेध चालले.

सेरोटोनिन परतले ते क्लोझापीनच्या निमित्ताने. अन्य औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर १९८८ साली केन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत क्लोझापीनने ३० टक्के रुग्ण सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझीनने ४ टक्के. क्लोझापीन डोपामीनचे ग्राही तुलनेने सैलपणे अडवते, सेरोटोनिनच्या एका विशिष्ट प्रकारच्या ग्राहींना मात्र घट्ट धरते. १९९८ साली झुरिच येथे निरोगी स्वयंसेवकांना काही अळंब्यांत आढळणारे सायलोसायबिन देऊन असे दिसले की त्याने होणारे भास हेच ग्राही अडवल्यावर थांबतात, डोपामीन अडवणाऱ्या औषधाने थांबत नाहीत. म्हणजे वुलीचा अंदाज अगदीच वाया गेला नव्हता. त्याने दिशा उलटी धरली होती. एलएसडी त्या ठिकाणी सेरोटोनिनला अडवत नाही, त्याच्यासारखे वागते. तरीही गोष्ट इथे संपत नाही. केवळ याच ग्राहीवर काम करणारे पिमाव्हॅन्सेरिन हे औषध २०१६ साली अमेरिकेत पार्किन्सनच्या रुग्णांतील भासभ्रमांसाठी मान्य झाले. छिन्नमनस्कतेच्या मोठ्या चाचण्यांत ते अपेक्षेइतके उतरले नाही. आणि २०२४ साली तेथे मान्यता मिळालेले नवे औषध तर डोपामीन आणि सेरोटोनिन या दोहोंना बाजूला ठेवून तिसऱ्याच ग्राहींना हात घालते.

या हकिकतीतून विज्ञानाची फजिती दाखवण्याचा मोह साहित्याच्या अभ्यासकाला होतो. तो आवरलेला बरा. ज्याच्या घरात चार रात्री कोणी झोपलेले नाही, त्याला क्लोझापीनचे ते ३० टक्के ही ज्ञानमीमांसेतली गंमत वाटत नाही. दखल घ्यायची ती निराळ्या गोष्टीची: इथे 'कारण' या शब्दाने नेमके काय म्हटले जाते? नैयायिकांनी घटाचे उदाहरण घेऊन माती हे समवायी कारण, कुंभार आणि त्याचा दंड ही निमित्त कारणे, आणि माती वाहून आणणारे गाढव अन्यथासिद्ध, असा विवेक केला. गाढव दरवेळी हजर असते; तरी ते घटाचे कारण नव्हे. औषध सेरोटोनिनच्या ग्राहीला धरते आणि रुग्णाचे भास ओसरतात, एवढ्यावरून सेरोटोनिन हे रोगाचे कारण ठरत नाही. तापावर ॲस्पिरिन चालते म्हणून ताप हा ॲस्पिरिनचा अभाव होत नाही. कदाचित सेरोटोनिन हा दंड असेल, कदाचित चाक, कदाचित गाढव. तथापि कारणाचा प्रकार निश्चित नसतानाही उपाय खरा असू शकतो, हे नैयायिकांच्या उदाहरणात बसत नाही आणि वैद्यकात रोज घडते. 'तुमच्या मेंदूत रसायनांचा तोल बिघडला आहे' हे वाक्य डॉक्टर रुग्णाला सांगतो तेव्हा तो कारण सांगत नसतो. तो एक रूपक देत असतो, आणि ते एका हेतूने देत असतो.

हा हेतू नैतिक आहे. उन्मादाची परंपरागत मीमांसा बव्हंशी दोषारोपाची होती. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार मानले. त्यांपैकी चार दोषांचे आणि एक आगंतुक, म्हणजे देव, गंधर्व, पिशाच यांच्या बाधेचा. पण निदानस्थानात तो असेही सांगतो की ज्याने स्वतःच स्वतःला क्लेश दिलेले नाहीत, त्याला देव किंवा पिशाच क्लेश देत नाहीत. मुळात प्रज्ञापराध आहे. हे प्रतिपादन एका बाजूने अत्यंत विवेकी आहे, कारण ते भुताखेतांच्या हातून रोग काढून घेते. दुसऱ्या बाजूने ते तो रोग रुग्णाच्याच पदरात टाकते. रसायनाचे रूपक ही गाठ सोडवते. दोष देवाचा नाही, पिशाचाचा नाही, तुझाही नाही आणि तुझ्या आईचाही नाही. आईचा उल्लेख सहज आलेला नाही. १९४८ साली अमेरिकेतील एका मनोविश्लेषक विदुषीने 'रोग निर्माण करणारी आई' ही कल्पना प्रचारात आणली. १९६०च्या दशकात आर. डी. लेंगने वेड्याच्या बोलण्यात अर्थ आहे हे मोठ्या तळमळीने दाखवले, परंतु तो अर्थ बहुधा कुटुंबाच्या विरोधात जात असे. ज्यांनी वेडाला समजून घेण्याचा पुरस्कार केला, त्यांनीच घरातल्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, हे समजून घेण्याच्या पुरस्कर्त्यांनी विसरू नये. अर्थ लावणे ही निष्पाप कृती नाही. आपल्याकडे तर आरोपी आधीच ठरलेले असतात: लाडावणारी आई, पाय न लाभलेली सून. 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल' या सल्ल्याने किती मुलींच्या आयुष्याची माती झाली असेल याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मात्र देवस्थानांचा मार्ग केवळ अज्ञानाचा आहे असे म्हणून तो निकालात काढणेही घाईचे होईल. व्हीडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने फलटण येथील एका महानुभाव मंदिरात बाधा उतरवण्यासाठी आलेल्या कुटुंबांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. तिला असे आढळले की रुग्णासोबत आलेल्या बायकाच अंगात येण्याची अवस्था स्वतःवर ओढवून घेतात. मुलाचे किंवा नवऱ्याचे दुखणे आपल्या अंगावर यावे आणि घर सुटावे, यासाठी. इथे रोगाला कारण नव्हे, भार मानले आहे, आणि भार वाटून घेता येतो. रेणूच्या भाषेत या वाटणीला जागा नाही. तिच्यात एक क्रूरताही आहे, कारण भार नेहमी बाईच उचलते. आणि अशा स्थळांविषयी हळवे होण्यापूर्वी ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, हेही स्मरणात ठेवावे लागते. आज वसई-विरारच्या पट्ट्यातले एखादे कुटुंब सकाळी ठाण्याच्या १९०१ सालापासून चालत आलेल्या मनोरुग्णालयात गोळ्यांसाठी जाते आणि संध्याकाळी एखाद्या मठात, दर्ग्यात किंवा प्रार्थनासभेत बसते, तेव्हा सुशिक्षित प्रेक्षकाला त्यात विसंगती दिसते. त्या कुटुंबाला दिसत नाही. एका ठिकाणी ते कारणासाठी जाते, दुसऱ्या ठिकाणी भारासाठी.

महानुभावांचा उल्लेख झाल्यावर ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंकडे येणे अपरिहार्य आहे. चक्रधरांचे गुरू मानले गेलेले हे तेराव्या शतकातले राऊळ. म्हाइंभटाने नोंदवलेल्या त्यांच्या लीळांत त्यांचे वागणे लोकांना वेडाचे वाटते आणि लोक तसे बोलूनही दाखवतात. तेच लोक त्यांना ईश्वरही मानतात. ॲन फेल्डहाउस यांनी १९८२ सालच्या एका निबंधात देव आणि वेडा ही दोन्ही पदे त्यांच्या ठिकाणी कशी एकत्र नांदतात याचे साक्षेपी विवेचन केले आहे. अलीकडे अशा चरित्रांचे मागाहून निदान करण्याची हौस दिसते. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मेंदूतील ग्राहींविषयी बोलणे हा वैद्यकाचाही अपमान आणि संहितेचाही. परंतु उलट टोकाचा मोह अधिक प्रतिष्ठित असल्यामुळे अधिक घातक आहे. गोविंदप्रभूंचा दाखला देऊन 'आपल्या परंपरेत वेडाला मान होता' असे म्हटले जाते. मान कोणाला होता? चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवादी शिष्यमंडळी ऋद्धिपूरला राहून ज्यांची सेवा करीत होती, ज्यांच्या प्रत्येक कृतीत अर्थ पाहायला माणसे तयार होती, त्यांना. त्याच शतकात, त्याच वऱ्हाडात, गावकुसाबाहेर दगड खात हिंडणाऱ्या ज्या वेड्यामागे म्हाइंभट नव्हता, त्याची लीळा कोणी लिहिली नाही. अर्थ हा वेडात आपोआप नसतो. तो ऐकणाऱ्याच्या तयारीने संभवतो. मराठीत 'वेड' आणि 'पिसे' हे शब्द भक्तीच्या, कलेच्या, प्रेमाच्या गौरवासाठी सर्रास वापरले जातात, आणि ज्याला खरोखर वेड लागले आहे त्याच्यासाठी त्यांतला गौरव नेमका गळून पडतो. भाषेतील हा दुटप्पीपणा समीक्षेने उघडा करायला हवा होता. तिने तो अलंकार म्हणून मिरवला.

आधुनिक मराठी नाटकात याचा सर्वांत अवघड प्रसंग जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर'मध्ये आहे. 'अंधाराच्या पारंब्या' या त्यांच्याच कादंबरीवरून १९७७च्या सुमारास हे नाटक आले. घराण्यात वेड आहे आणि ते आपल्यापर्यंत येणार, या भयाखाली जगणारा विलायतेहून परतलेला बॅरिस्टर अखेरीस वेडा होतो. रूढ वाचनात हे वेड म्हणजे सरंजामी घराचा ऱ्हास, केशवपनासारख्या रूढींनी गुदमरलेल्या समाजाचा उद्रेक. वाचन चुकीचे नाही. पण त्यात अनुवंशाचे काय झाले? दळवींनी ते नुसते सूचक चिन्ह म्हणून ठेवलेले नाही. बॅरिस्टरची भीती ही शरीराची भीती आहे. छिन्नमनस्कतेत अनुवंशाचा वाटा मोठा आहे हे आज मान्य आहे, आणि एकबीज जुळ्यांपैकी एकाला रोग झाला तरी दुसऱ्याला निम्म्याहून अधिक वेळा होत नाही हेही. म्हणजे अनुवंश ही नियती नव्हे, टांगती तलवार आहे. बॅरिस्टरला तलवार दिसते, नियती वाटते. नाटकाचे बळ या फरकात आहे. वेडाला निव्वळ समाजाचे रूपक करणारा समीक्षक ती तलवार काढून घेतो आणि भयाला पोकळ करतो. निव्वळ आनुवंशिक रोग म्हणणारा वाचक घरातल्या बायकांचे भोग नेपथ्यात ढकलतो. नाटक मात्र दोन्ही गोष्टी एकाच माजघरात ठेवते.

याच प्रश्नाला अधिक समजुतीने सामोरा जाणारा मराठी चित्रपट म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४). त्याच्यामागे कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांचे आर्थिक पाठबळ होते. या आजाराशी त्यांचा परिचय घरातून झाला होता, आणि त्यांनीच पुढाकार घेऊन १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था उभी केली होती. चित्रपटातला शेष कोकणातल्या आपल्या गावच्या देवराईत गुंतलेला आहे. तिच्यावर संकट आहे असे त्याला वाटते. त्याच्या या वाटण्यात भ्रम आहे. आणि देवरायांवर संकट आहे, हे सत्यही आहे. यास्पर्सच्या मते छिन्नमनस्कतेतील मूळ भ्रम समजून घेता येत नाही. तो फक्त उलगडता येतो. शेष हे या मताला दिलेले उत्तर आहे. त्याला येणारे आवाज सेरोटोनिनच्या किंवा डोपामीनच्या ग्राहींशी बांधलेले असतील. ते आवाज देवराईविषयी का बोलतात, दुसऱ्या कशाविषयी का बोलत नाहीत, हे कोणताही ग्राही सांगू शकत नाही. औषधाने आवाज क्षीण होतात. त्यासोबत राईविषयीची आस्थाही क्षीण झाली तर? चित्रपट हा प्रश्न टाळत नाही आणि औषधाला खलनायकही करत नाही. त्याची खरी कसोटी शेषची बहीण सीना आहे. तिचा थकवा चित्रपटाला दिसतो. वेडाच्या सौंदर्यावर निबंध लिहिणाऱ्या समीक्षेला तो क्वचितच दिसला आहे.

कारण आणि अर्थ यांचा हा पेच न्यायालयात अधिक उघडा पडतो, कारण तेथे निर्णय टाळता येत नाही. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने १९९४ साली दगडी वरवंट्याने पत्नीची हत्या केली. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले. पत्नीशी नोकरीवरून झालेला वाद हा हेतू म्हणून पुढे आला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाच्या कलम ८४खाली त्याला दोषमुक्त केले. तो छिन्नमनस्कतेचा रुग्ण होता, त्याच्या वडिलांनाही मानसिक आजार होता, घटनेच्या आधी आणि नंतर त्याच्यावर उपचार झाले होते. आणि हेतू म्हणून जे सांगितले गेले ते न्यायालयाला अगदी दुबळे वाटले. म्हणजे न्यायालयाने अर्थाची एक कहाणी नाकारून कारणाची कहाणी स्वीकारली. निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण त्या कहाणीत मेलेल्या बाईचे स्थान काय राहिले? हेतू नसेल तर ती कोणत्याही कृतीचा विषय उरत नाही. ती वाटेत आलेली वस्तू होते. कायद्याला याहून अधिक म्हणता येत नाही आणि त्याने म्हणूही नये. तेच कलम १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत २२व्या क्रमांकावर आले आहे. कृतीचे स्वरूप किंवा तिचा चुकीचेपणा जाणण्यास असमर्थ, ही कसोटी मात्र १८४३ सालच्या मॅक्नॉटन प्रकरणाच्या वळणाचीच राहिली आहे. उलट विवाहाच्या कायद्यात, १९८८ सालच्या एका निकालात, याच न्यायालयाने असे म्हटले की 'स्किझोफ्रेनिया' हे नाव लागले एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही. विकाराची तीव्रता पाहिली पाहिजे. कारणाचे नाव आणि माणूस यांत अंतर राखण्याचे काम जे समीक्षेने करायचे, ते इथे न्यायाधीशांनी केले आहे.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा एक पाऊल पुढे गेला. १९१२ सालच्या कायद्याच्या नावातच 'लूनसी' होती. १९८७च्या कायद्याने शब्द बदलले, पण भर रुग्णालयात ठेवण्याच्या कार्यपद्धतीवरच राहिला. नव्या कायद्याप्रमाणे कोणाही प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते की आजाराच्या काळात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. स्वतः निर्णय घेण्याची क्षमता गेली की हा आगाऊ निर्देश लागू होतो, ती परत येईपर्यंत चालतो. लेखकाच्या हेतूला अर्थनिर्णयातून हद्दपार करून अर्धशतक लोटलेल्या समीक्षेने याकडे थोडे कुतूहलाने पाहावे. इथे कायदा एका संहितेला तिच्या कर्त्याच्या हेतूशी बांधतो, आणि तीही अशा वेळी, जेव्हा कर्ता स्वतः त्या संहितेच्या विरोधात बोलत असतो. गोळ्या नकोत असे ओरडणारा माणूस आणि गोळ्या द्या असे सहा महिन्यांपूर्वी शांतपणे लिहून गेलेला माणूस, यांपैकी खरा कोण? सेरोटोनिनच्या भाषेत उत्तर सोपे आहे: पहिला आजारी, दुसरा बरा. अर्थाच्या भाषेत ते तितके सोपे नाही, कारण ओरडणाऱ्याचीही काही म्हणणी खरी असतात, आणि लिहिणाऱ्यावरही घरच्यांचे दडपण असू शकते. कायदा लिहिणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. शेषने असा कागद लिहिला असता तर त्यात औषधांच्या नावांखाली देवराईविषयी एखादी ओळ असती काय, आणि प्रतिनिधी म्हणून नेमलेल्या सीनाने डॉक्टरांच्या खोलीत ती वाचून दाखवली असती काय?